वऱ्हाडाची गाडी : आधी माणसं मोजू, मग गाडी ठरवू



तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. बस्ता कुठून बांधायचा, मानपान कुणाला किती, रुखवतात काय ठेवायचं, जेवणात बुंदी की जिलेबी, यावर आपण बायका महिना महिना बोलतो. पण गाडीचा विषय निघाला की म्हणतो, "ते बघतील गडीमाणसं." गडीमाणसंही शेवटच्या आठवड्यात दोन-चार फोन करतात आणि मिळेल ती गाडी सांगून मोकळी होतात. लग्नाच्या दिवशी माणसं जास्त होतात, गाडी कमी पडते. मग कुणाचा तरी टेम्पो नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली दारात उभी राहते.

त्या ट्रॉलीत कोण चढतं? जीपमधल्या जागा पाहुण्यांनी आणि मानकऱ्यांनी धरलेल्या असतात. ट्रॉलीत चढतात त्या बाया, म्हाताऱ्या आणि पोरं. धोका आपल्या वाट्याला येतो, म्हणून गाडी ठरवण्याच्या बोलण्यातही आपण असायला हवं. लग्नाची तारीख ठरल्यापासून शेवटचं माणूस घरी परत येईपर्यंत गाडीचं काम कसं करायचं, ते आज आपण क्रमानं बघू.

पहिलं काम : यादी

गाडी किती मोठी लागेल हे अंदाजानं सांगता येत नाही. "असतील साठ-सत्तर" असं म्हणून ठरवलेली गाडी एक तर कमी पडते, नाहीतर अर्धी रिकामी जाते आणि पैसे पुरे द्यावे लागतात. म्हणून वही घ्या आणि नावं लिहा. घरवार लिहा, म्हणजे कुणी राहत नाही.

नावापुढे तीन खुणा करा. एक, लहान मूल. मूल मांडीवर बसेल असं धरू नका, त्याचीही जागा मोजा. दोन, म्हातारं माणूस, गरोदर किंवा ओली बाळंतीण, गुडघेदुखीची बाई. यांना उंच पायरीच्या गाडीत चढता येत नाही आणि मागच्या बाकावर धक्के सोसत नाहीत. तीन, जो आपल्या मोटारसायकलवर किंवा स्वतःच्या गाडीनं येणार आहे तो. त्याची जागा धरायची नाही, पण परत येताना तो कुठल्या गाडीत बसणार हे विचारून ठेवायचं. जाताना मोटारसायकलवर गेलेली चार माणसं येताना "आम्ही गाडीत येतो" म्हणतात आणि गोंधळ तिथंच होतो.

जायची यादी आणि यायची यादी वेगळी करा. मुलाकडच्या वऱ्हाडात येताना नवरी आणि तिची पाठराखीण वाढते. रुखवताचं सामान वाढतं. मुक्कामाला राहिलेले पाहुणे कमी होतात. हळदीची गाडी आदल्या दिवशी किंवा सकाळी लवकर जाते, तिची माणसं वेगळी असतात. तीही लिहा.

बेरीज झाली की तीन-चार जागा जास्तीच्या धरा. आयत्या वेळी येणारी आत्या प्रत्येक घरात असते.

दुसरं काम : मुहूर्तावरून उलट मोजायचं

गाडीवाल्याला कुठली वेळ सांगायची? ती मुहूर्तावरून मागे मागे मोजत यायची. समजा मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा आहे. नवरदेव मारुतीच्या देवळात जाणार, कपडे बदलणार, वऱ्हाड चहापाणी घेणार. म्हणजे लग्नगावात ११ वाजता पोहोचायला हवं. अंतर ६० किलोमीटर आहे. रस्ता गावागावांतून जाणारा असेल, वाटेत एखादा बाजार लागत असेल, तर दोन तास धरा. म्हणजे घरून ९ ला निघायचं. माणसं आणि सामान चढायला अर्धा तास लागतो. गावदेवाला नारळ फोडण्यात आणखी अर्धा तास जातो. म्हणजे गाडी ८ वाजता दारात हवी. गाडीवाल्याला साडेसात सांगा.

हे गणित घरातल्या बायकांना दोन दिवस आधी कळलं पाहिजे. सकाळचं पाणी, देवपूजा, गुरांचं वैरणपाणी, पोरांच्या अंघोळी, साड्या नेसणं, हे सगळं त्याच वेळेत बसवायचं असतं. वेळ फक्त पुरुषांना माहीत असली की उशिराचा बोल मात्र बायकांना लागतो.

गाडी कधी सांगायची?

आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास असतो, त्यात लग्नाचे मुहूर्त फारसे नसतात. त्यामुळे वर्षभरातली लग्नं उरलेल्या महिन्यांतल्या मोजक्या तिथींवर येतात. एकाच दिवशी तालुक्यात कितीतरी लग्नं असतात आणि गाड्या तेवढ्याच. हिवाळ्यात शाळांच्या सहलींनाही एसटीच्या गाड्या जातात. मे महिन्यात सुट्टीची गर्दी असते. अक्षय तृतीयेसारख्या दिवशी तर विचारायलाच नको.

म्हणून सुपारी फुटली, तारीख पक्की झाली, की पत्रिका छापायच्या आधी गाडीची चौकशी सुरू करा. दीड-दोन महिने हातात असले तर चार ठिकाणी विचारून दर ठरवता येतो. आठ दिवस राहिले की गाडीवाला सांगेल तोच दर.

एसटीची गाडी लग्नाला मिळते

आपल्या आज्यांची वऱ्हाडं बैलगाडीनं गेली. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. पुढे गावोगावी गाडी पोहोचली आणि वऱ्हाडं एसटीनं जाऊ लागली. आज खाजगी गाड्या वाढल्या, तरी लग्नासाठी पूर्ण एसटी भाड्यानं घेता येते हे अनेकींना ठाऊक नसतं. एसटीच्या भाषेत त्याला "प्रासंगिक करार" म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. आगारात जाऊन "लग्नासाठी प्रासंगिक करारावर गाडी पाहिजे" एवढं म्हटलं की पुढचं ते सांगतात.

अर्जात तारीख, गाडी किती वाजता कुठे हवी, कुठे जायचं, वाटेत कुठे थांबायचं आणि परत किती वाजता निघायचं हे लिहावं लागतं. भाडं किलोमीटरवर आणि गाडी किती वेळ अडकून राहते यावर ठरतं. कमीत कमी किलोमीटरचीही अट असते. आगाऊ रक्कम भरून पावती घ्यायची. दर बदलत असतात, म्हणून चालू दर आगारातच विचारा आणि कागदावर लिहून आणा. गाडीत किती आसनं आहेत तेही विचारा, कारण सगळ्या गाड्या सारख्या नसतात.

एसटीचा चालक महामंडळाचा असतो, गाडीची कागदपत्रं महामंडळ बघतं, भाड्याची पावती मिळते. अडचण अशी की ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर जादा आकार लागतो, आणि अगदी अरुंद वाडी-वस्तीच्या रस्त्यावर मोठी गाडी जात नाही. गाडी शेवटपर्यंत येत नसेल तर फाट्यापासून म्हाताऱ्या माणसांना न्यायला एक लहान गाडी ठेवावी लागते.

अर्ध्या तिकिटाचं वऱ्हाड

लग्नगाव नेहमीच्या एसटीच्या रस्त्यावर असेल, तर सगळ्यांसाठी भाड्याची गाडी करायलाच हवी असं नाही. १७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवायचं.

समजा जायचं पूर्ण तिकीट १०० रुपये आहे आणि वऱ्हाडात २० बाया आहेत. जाऊन-येऊन त्यांचे ४००० रुपयांऐवजी २००० रुपये होतात. तेवढ्यांसाठी एक जादा जीप केली तर बहुतेक वेळा जास्तच पैसे जातील. मात्र दोन गोष्टी तपासा. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे? आणि त्या गाडीत एवढ्या जणींना जागा मिळेल का? आरक्षण मिळत असेल तर करून ठेवा. ही सवलत नेहमीच्या तिकिटावर आहे. पूर्ण गाडी करारावर घेतली तर तिथं माणशी तिकीट नसतं, हेही ध्यानात ठेवा.

खाजगी गाडी घेताना

खाजगी बस, टेम्पो ट्रॅव्हलर, क्रूझर, बोलेरो, जे काही घ्याल त्याची नंबरप्लेट आधी बघा. भाड्यानं माणसं न्यायला परवानगी असलेल्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. विजेवरची भाड्याची गाडी असेल तर पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची गाडी घरच्या वापराची असते. मामा आपल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीतून घरच्या माणसांना घेऊन आला तर त्यात काही वावगं नाही. पण तीच गाडी भाडं घेऊन वऱ्हाड नेऊ लागली, तर ते परवान्याविना भाडं झालं. अपघात झाला तर विमा कंपनी तिथंच बोट ठेवते.

मग कागद बघा. नोंदणीचं पुस्तक, परमिट, गाडी धडधाकट असल्याचं फिटनेस प्रमाणपत्र, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना. हे सगळे कागद मागायला संकोच वाटत असेल तर एक सोपा मार्ग आहे. सरकारच्या "एम-परिवहन" या मोबाईल ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कधीपर्यंत आहे, फिटनेस आहे का, नोंदणी कुठल्या प्रकारची आहे हे दिसतं. घरातली कॉलेजला जाणारी मुलगी हे पाच मिनिटांत बघून देईल. लग्नाच्या तारखेला विमा चालू आहे का, हे बघायचं. आज चालू आहे एवढ्यावर थांबायचं नाही.

सोयरीक सीमेपलीकडे, म्हणजे विजयपूर, बेळगाव किंवा कलबुर्गीकडे असेल, तर गाडीला कर्नाटकात जायचं परमिट आहे का आणि तिथला कर कोण भरणार, हे आधी विचारा. चेकनाक्यावर वऱ्हाड अडकलं तर मुहूर्त थांबत नाही.

आसनांपेक्षा जास्त माणसं बसवू नका. मोटार वाहन कायद्यात दर जादा माणसामागे २०० रुपये दंड आहे. दंडापेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. जादा माणसं उतरवून त्यांची दुसऱ्या गाडीत सोय होईपर्यंत ती गाडी पुढे सोडायची नाही, असं कायदाच सांगतो. म्हणजे नऊवारी नेसलेल्या बाया आणि पोरं भर उन्हात रस्त्याकडेला, आणि तिकडे अंतरपाट धरलेला.

माल वाहायच्या गाडीत माणसं नकोत

आता सगळ्यांत महत्त्वाचं. टेम्पो, पिकअप, छोटा हत्ती, आयशर आणि ट्रॅक्टरची ट्रॉली या माल वाहायच्या गाड्या आहेत. त्यात बाक नाही, धरायला कठडा नाही, उन्हापावसाला छप्पर नाही. माल भरला की तो एका जागी राहतो. माणसं उभी असतात, वळणावर एका बाजूला कलतात, आणि तो सगळा भार एकदम एका अंगाला जातो. ट्रॉली ट्रॅक्टरला एका खिळीवर जोडलेली असते. उतारावर ट्रॅक्टरनं ब्रेक लावला तरी मागून ट्रॉलीचा रेटा येतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणून घाटात आणि ओढ्याच्या उतारावर ट्रॉली आडवी होते किंवा उलटते. त्यात बसलेली माणसं बाहेर फेकली जातात नाहीतर खाली सापडतात.

दुसरी बाजू पैशाची आहे. ती कुणी सांगत नाही म्हणून नीट ऐका. मालगाडीचा विमा मालासाठी, चालकासाठी, मालासोबत जाणाऱ्या मालाच्या मालकासाठी किंवा त्याच्या माणसासाठी असतो. त्यात वऱ्हाडी बसत नाहीत. मालगाडीतून नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये न्यू इंडिया ॲश्युरन्स आणि आशा राणी यांच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. मग भरपाई कुणाकडून मागायची? गाडीच्या मालकाकडून. तो बहुतेक वेळा आपलाच भावकीतला शेतकरी असतो. ज्याच्या घरातलं माणूस गेलं तेही उघडं पडतं आणि ज्यानं मदत म्हणून ट्रॅक्टर दिला तोही जमीन विकायला निघतो.

"जवळच तर जायचंय, दहा किलोमीटर" असं म्हणतील. मैत्रिणींनो, ओढा दहा किलोमीटरच्या आतही असतो. गाडी कमी पडत असेल तर दुसरा उपाय करा. जीपला दोन खेपा करायला सांगा. निम्मं वऱ्हाड नेहमीच्या एसटीनं पाठवा. माणसं कमी न्या. मालगाडीत फक्त रुखवत, भांडी आणि बिछाने जाऊ द्या.

भाड्याचा हिशेब कसा होतो?

"किलोमीटरला वीस रुपये" असं गाडीवाला सांगतो आणि आपण मनात हिशेब करतो. लग्नगाव ६० किलोमीटर, जाऊन-येऊन १२०, म्हणजे २४०० रुपये. संध्याकाळी तो ४६०० मागतो आणि मांडवातच वाद होतो. तो नेहमी फसवतोच असं नाही. आपण विचारलेलं नसतं.

बघा कसं होतं ते. गाडी तालुक्याच्या गावाहून येणार, ते २० किलोमीटर. रात्री परत जाणार, आणखी २०. हे ४० किलोमीटर आपल्याच खात्यावर लागतात. झाले १६०. पण दिवसाला किमान २०० किलोमीटर अशी त्याची अट असते. गाडी कमी फिरली तरी २०० चे पैसे, म्हणजे ४००० रुपये. चालकाचा भत्ता ४००. टोल जाता-येता २००. एकूण ४६०० झाले. हे आकडे आपण हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या भागातला दर वेगळा असेल, पण हिशेबाची रीत हीच.

म्हणून दर ठरवताना हे प्रश्न विचारा : किलोमीटर कुठून कुठपर्यंत मोजणार, घरापासून की गाडीच्या ठिकाणापासून? किमान किलोमीटर किती? डिझेल धरून की सोडून? टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता कुणाकडे? थांबण्याचे पैसे किती तासांनंतर? रात्री उशीर झाला तर काय? एसीचे वेगळे आहेत का? उत्तरं मिळाली की तीन गाडीवाल्यांचे एकूण आकडे शेजारी शेजारी लिहा. कमी दर सांगणारा एकूण आकड्यात महाग पडतो, असं बऱ्याचदा दिसतं. ठोक रक्कम ठरवली तरी त्यात काय काय आलं हे विचाराच.

खाजगी बसवाल्यांनी मनाला येईल ते भाडं घ्यावं असंही नाही. २७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानुसार खाजगी कंत्राटी बसचं भाडं तशाच एसटी गाडीच्या किलोमीटरच्या दराच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. मागितलं तर प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, म्हणजे आरटीओकडे तक्रार करता येते. आगारातून आणलेला दराचा कागद इथंही उपयोगी पडतो.

साधी चिठ्ठी, मोठा आधार

ओळखीचा गाडीवाला असला तरी एक चिठ्ठी करा. ओळखीत लिहायला लाज वाटते, पण ओळख टिकवायची असेल तर लिहिलेलं बरं. चिठ्ठीत एवढं असावं : गाडीचा नंबर आणि प्रकार, आसनं किती, तारीख, वेळ, कुठून कुठे, ठरलेलं भाडं, त्यात काय आलं आणि काय नाही, आगाऊ किती दिले, बाकी कधी द्यायचे, चालकाचं नाव आणि फोन. शेवटी एक ओळ : गाडी बिघडली तर तेवढ्याच आसनांची दुसरी गाडी गाडीवाल्यानं द्यायची. दोघांच्या सह्या आणि दोन प्रती.

आगाऊ रक्कम थोडीच द्या, शक्य तर फोनवरून बँक खात्यात, म्हणजे नोंद राहते. लग्नाच्या चार दिवस आधी एकदा आणि आदल्या संध्याकाळी एकदा फोन करून गाडी पक्की करा. तिथीच्या दिवशी जास्त भाड्याचं गिऱ्हाईक मिळालं की गाडी "बिघडते". आदल्या संध्याकाळी कळलं तर निदान रात्र हातात असते.

गाडीभाडं कुणी द्यायचं?

बैठकीत याद्या होतात तेव्हा काही ठिकाणी मुलाकडच्या वऱ्हाडाचं गाडीभाडंही मुलीच्या बापावर टाकतात. गाड्या किती येणार, हे मात्र मुलाकडचे ठरवतात. पैसे एकाचे आणि मोजणी दुसऱ्याची असली की गाड्या वाढत जातात. याचं कर्ज कितीतरी घरांत लग्नानंतर आई फेडत असते, आणि आपल्या बचत गटांच्या वह्यांत ते दिसतं.

आपलं म्हणणं साधं आहे. ज्याचं वऱ्हाड त्यानं त्याचं भाडं द्यावं. ते जमत नसेल तर गाड्यांची संख्या आणि जास्तीत जास्त रक्कम बैठकीतच ठरवून यादीवर लिहावी. मुलीच्या आईनं हे बोलावं असं नाही. बैठकीला बसलेली मामी, मावशी, आत्या कुणीही विचारू शकते, "गाड्या किती, ते लिहून ठेवू या का?" एवढ्या प्रश्नानं सोयरीक मोडत नाही.

लग्नाच्या दिवशी

प्रत्येक गाडीला एक प्रमुख नेमा. मोठ्या बसला दोघे असू द्या, त्यात एक बाई हवीच. त्यांच्याकडे त्या गाडीची यादी आणि चालकाचा फोन असावा. निघताना नावं घ्या आणि परत निघतानाही घ्या. लग्नगावात लहान मूल विसरून गाडी निघाली, असं घडतं. आई म्हणते आजीजवळ आहे, आजी म्हणते आईजवळ आहे.

गाडीत पाण्याचा कॅन, पिशव्या, लिंबू, ओल्या फडक्याची पिशवी आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवा. गाडी लागणाऱ्या बाईला आणि पोराला पुढच्या बाजूला बसवा. दागिन्यांची पिशवी एकीकडेच आणि मांडीवर, वरच्या फळीवर नको. दोन तासांपेक्षा लांबचा प्रवास असेल तर बायकांना उतरता येईल अशी जागा आधीच ठरवून चालकाला सांगा. एसटी स्थानक, पेट्रोलपंप किंवा ओळखीचं गाव चालेल. आडोसा शोधत रस्त्याकडेला उतरणं धोक्याचं असतं. पुरुषांना हे सुचत नाही आणि आपण संकोचानं बोलत नाही, मग दिवसभर बाया पाणीच पीत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात ते अंगावर येतं.

नवरदेवाची गाडी सजवताना पुढच्या काचेवर फुलांच्या माळा सोडू नका. चालकाला रस्ता दिसला पाहिजे. दिवे आणि नंबरप्लेटही झाकू नका. वरातीत गाडीच्या अगदी पुढे-मागे पोरांना नाचू देऊ नका. चालकाचा पाय चुकला किंवा कुणी हौसेनं गाडीत बसून चावी फिरवली की अनर्थ होतो.

परतीचा प्रवास

जाताना सगळे ताजे असतात. येताना रात्र असते, जेवणं झालेली असतात आणि चालक पहाटेपासून जागा असतो. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यानं चालकाचा दिवस आठ तास कामाचा धरला होता. लग्नसराईत एकच चालक रात्री एक वऱ्हाड सोडून सकाळी दुसरं उचलतो. म्हणून भाडं ठरवतानाच विचारा, "आदल्या रात्री गाडी कुठं आहे?" लांबचा रस्ता असेल तर दोन चालक मागा.

मांडवात चालकाला पहिल्या पंगतीला बसवा आणि दुपारी दोन तास झोपायला जागा द्या. हे माणुसकीचं आहे आणि आपल्या पोरांच्या जिवाचंही. त्याला कुणी दारू पाजणार नाही, ही जबाबदारी गाडीच्या प्रमुखाची. चालक प्यालेला दिसला तर गाडीत बसायचं नाही. पिऊन गाडी चालवण्याला पहिल्या वेळीच १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तेवढं त्याला शांतपणे सांगा आणि दुसरा चालक येईपर्यंत थांबा.

ऊसपट्ट्यात आणखी एक धोका असतो. तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई आणि कारखान्याचा हंगाम एकत्रच येतात. रात्री उसाच्या ट्रॉल्या, एकामागे एक दोन जोडलेल्या, रस्त्यानं चालत असतात. कुठं बंद पडून उभ्याही असतात. मागे लाल दिवा किंवा चमकपट्टी नसली तर अगदी जवळ गेल्यावर दिसतात. शक्य असेल तर दिवस मावळायच्या आत निघता येईल असा दुपारचा मुहूर्त निवडा. रात्रीच निघावं लागलं तर चालकाशेजारी जागं राहणारं माणूस बसवा.

नवरीच्या गाडीकडे वेगळं लक्ष द्या. दिवसभर ती उपाशी असते, रडून थकलेली असते, आणि गाडीत बहुतेक माणसं अनोळखी असतात. पाठराखीण तिच्या शेजारीच बसू द्या. पाणी, थोडं खायला आणि तिचा स्वतःचा फोन तिच्या हातात असू द्या.

काही वाईट घडलंच तर

११२ वर फोन लावा, तो पोलिसांना जातो. रुग्णवाहिकेसाठी १०८. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. हे तीन नंबर गाडीच्या यादीवर वरच लिहून ठेवा. जखमींना मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही, कायद्यानं त्याला संरक्षण दिलं आहे. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, नेमलेल्या रुग्णालयांत रोख पैसे न भरता मिळतात. दवाखान्यात हे विचारा आणि अपघाताची पोलिसांत नोंद होईल असं बघा.

भरपाईसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करता येतो. तो सहा महिन्यांच्या आत करावा. चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मागता येतात. त्या वेळी गाडीचा नंबर, चिठ्ठी आणि प्रवाशांची यादी हे कागद कामाला येतात.

आपल्या गटाचं काम

आपल्या गटात दरवर्षी चार-पाच लग्नं असतातच. प्रत्येक घरानं नव्यानं चौकशी का करायची? गटाच्या कपाटात एक "गाडीची वही" ठेवा. लग्न झालं की त्या घरानं एक पान भरायचं : गाडी कुणाची, किती आसनांची, किती किलोमीटर, एकूण किती पैसे, वेळेवर आली का, चालक कसा होता. दोन वर्षांत त्या वहीत गावाला पुरेल एवढी माहिती जमेल. पुढच्या घराला भाव करताना तिचा आधार मिळेल, आणि चांगल्या गाडीवाल्यालाही काम मिळत राहील.

लग्नासाठी गटातून कर्ज मागायला कुणी आली की बस्त्याच्या आणि जेवणाच्या खर्चाबरोबर गाडीच्या खर्चाचीही ओळ तिच्याकडून लिहून घ्या. गाडीसाठी पैसे आधीच बाजूला काढलेले असले की शेवटच्या दिवशी ट्रॉली बोलवायची वेळ येत नाही. येत्या महिन्याच्या बैठकीत ही वही सुरू करा, आणि ज्या घरात या हंगामात लग्न आहे तिथली माणसांची यादी त्याच बैठकीत बसून करा.